अर्धा पेला चहा

"बायका त्या खोलीत," दारातल्या माणसाने मला हाताने दिशा दाखवली आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "या साहेब, आत या. लाजायचं न्हाई. हितं सगळे आपल्यातलेच हायत."

मिरजेतली एक जुनी शाळा. दोन वर्ग शेजारीशेजारी, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. दर गुरुवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर एका वर्गात दारू सोडू बघणारे पुरुष बसायचे आणि दुसऱ्यात त्यांच्या बायका. फाटकावर पाटी नव्हती, कारण तिथे येणाऱ्याचं नाव बाहेर फुटू नये हा गटाचा पहिला नियम. आम्ही स्कूटरवरून त्या गल्लीला दोन चकरा मारल्या. शेवटी व्हरांड्यात चपलांची रांग आणि स्टोव्हवर चहाचं मोठं पातेलं दिसलं, तेव्हा हेच ते म्हणून उतरलो.

मी ह्यांच्याकडे बघत उभी राहिले. आता ह्यांनी बोलायचं होतं. 'मी नाही, ही,' एवढंच म्हणायचं होतं. पण हे खाली वाकून चपला काढत होते, आणि चपला काढायला माणसाला किती वेळ लागावा!

कारण दारू मी पीत होते.

माझे यजमान सुकुमार मगदूम यांनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. जैनाचं घर आमचं. आमच्याकडे मध चालत नाही, सूर्य मावळल्यावर जेवण चालत नाही. ह्यांचं मेडिकलचं दुकान दवाखान्यांच्या रस्त्यावर. आमच्या मुलीनंतरचं, मृणालनंतरचं मूल माझ्या पोटातच गेलं, तेव्हा अशक्तपणावर म्हणून ह्यांनीच दुकानातून द्राक्षासवाची बाटली आणून दिली. दोन चमचे जेवणानंतर. त्या दोन चमच्यांनी मला पहिल्यांदा झोप लागली. चमच्याची वाटी झाली, वाटीचा पेला झाला. मग द्राक्षासव पुरेना, आणि मी सांगलीला जाऊन ब्रँडी आणायला लागले. दुकानदार विचारायचा, "साहेबांना कुठली लागते?" मी साहेबांची आवड सांगायची.

त्या वर्षी मृणालच्या स्नेहसंमेलनात तिचा नाच होता. बारा वर्षांची पोर. तिला नऊवारी नेसवायला मी शाळेत जाणार होते. मी घरात जमिनीवर पडले होते. मृणाल पातळ छातीशी धरून विंगेत उभी राहिली आणि नाच तिच्याशिवाय झाला. नंतर डॉक्टरांनी तपासलं. लिव्हरला सूज आहे, हे असंच चालू राहिलं तर ह्या फार दिवस काढणार नाहीत, असं ते म्हणाले. म्हणाले ह्यांना. मी समोरच्या खुर्चीत बसले होते, माझे कान शाबूत होते, पण डॉक्टर ह्यांच्याशी बोलले. गटाचा पत्तासुद्धा ह्यांनाच सांगितला.

तर अशी मी मरायला टेकलेली बाई, आणि मला बायकांच्या खोलीत पाठवलं.

तिथे पंधरावीस जणी बाकांवर बसल्या होत्या. त्यांची मुख्य शेवंताक्का, भाजी मंडईत गाळा असलेली, ठसठशीत कुंकवाची बाई. तिच्या नवऱ्याला दारू सोडून कितीतरी वर्षं झाली होती.

"बस गं बाई," तिने मला जवळ ओढलं. "नाव काय तुजं?"

"राजमती."

"किती घेत्यात?"

"कोण?"

"मालक गं. रोज घेत्यात का सणावाराला?"

माझं डोकं तिथेच तापलं होतं, पण मी दाराकडे बघत बसले. ह्यांनी पलीकडे एव्हाना सांगितलं असेल, आता कोणी येऊन मला घेऊन जाईल, अशी माझी समजूत. तेवढ्यात मघाचा दारातला माणूस चहा घेऊन आला. गफूरभाई. सतारी बनवण्याचं काम करायचे, पांढरी दाढी, बोटांवर लाखेचे डाग. त्यांनी मला काठोकाठ भरलेला पेला दिला. मी सकाळपासून थेंब घेतला नव्हता. पेला हातात आला आणि हात लटपटायला लागला. उकळता चहा माझ्या मनगटावर आणि साडीवर सांडला.

"अगं माझे बाई!" शेवंताक्काने माझा हात पदराने पुसला आणि ती बाकीच्या बायकांना म्हणाली, "बघा कशी थरथरतीया. किती सोसलंय लेकरानं. मारत्यात व्हय गं?"

"नाही हो!"

"नको सांगू. आमी बी पयल्या दिवशी असंच म्हणलो हुतो."

सगळ्याजणींनी माना हलवल्या. एकीने डोळे टिपले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगायला तोंड उघडलं, आणि फळ्यांच्या भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज आला. औषध कसं घ्यायचं ते गिऱ्हाईकाला सांगतात ना, तसा शांत, स्पष्ट आवाज.

"मी सुकुमार. मी दारुडा आहे."

टाळ्या पडल्या. शेवंताक्काने माझ्या पाठीवर थाप मारली. "बोलले गं! पयल्याच दिवशी बोलले! नशीबवान हाईस."

स्कूटरवर मी गाडीच्या कॅरियरला धरून बसले, ह्यांच्या खांद्याला हात लावला नाही. घराच्या कोपऱ्यावर यायच्या आत मी त्यांना थांबवायला लावलं.

"हे काय केलंत तुम्ही?"

"हळू बोल."

"दारू मी पिते आणि टाळ्या तुम्हाला?"

"टाळ्यांसाठी केलं का मी?" ते म्हणाले. "तो माणूस मला हाताला धरून आत घेऊन गेला. वीसेक पुरुष बसलेले. त्यांच्यासमोर सांगू, की माझी बायको पिते? पुरुष प्यायला, सोडली, लोक विसरतात. बाई प्यायली तर तिच्या सात पिढ्या बाहेर काढतात. उद्या बस्तीत दर्शनाला येणाऱ्यांना कळलं तर मृणालला कोण करून घेईल? तुझ्यासाठीच केलं."

"आणि माझी दारू कशी सुटणार?"

"मी आहे ना. दर गुरुवारी जातो. तिथे जे सांगतील ते ऐकतो आणि घरी आल्यावर तुला सांगतो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी हसले की किंचाळले, आठवत नाही.

"अहो, औषध आहे का ते पुडीत बांधून आणायला?"

"तसंच आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "माझ्या दुकानात येणाऱ्या दहातल्या नऊ माणसांना काहीच झालेलं नसतं. पेशंट घरी असतो. माणूस येतो, त्रास सांगतो, औषध घेऊन जातो. पेशंट बरा होतो. पेशंटला काउंटरवर कोणी आणतं का?"

हे ते मनापासून म्हणत होते, हीच तर खरी मेख! लबाड नवरा असता तर मी भांडून मोकळी झाले असते. चांगल्या माणसाशी भांडायला बाईला जागाच राहत नाही. वर सगळ्या गल्लीने त्याची बाजू घ्यायची.

मग दर गुरुवारी हेच सुरू झालं. मला बरोबर नेणं भागच होतं, कारण सगळ्यांच्या बायका येत. मी फळ्यांच्या अलीकडे, हे पलीकडे. रात्री मृणाल झोपली की हे पलंगावर मांडी घालून मला त्या दिवसाचा धडा सांगायचे.

"आज म्हणाले, फक्त आजचा दिवस बघायचा. उद्याचं उद्या. समजलं?"

"समजलं."

"आणि एक गंमत सांगतो. नवीन माणसाला चहा अर्धा पेलाच देतात. मला पहिल्या दिवशी अर्धाच दिला, मला वाटलं दूध कमी पडलं असेल. तर तसं नाही. पहिल्या दिवशी माणसाचे हात कापतात. भरलेला पेला सांडला, तर सगळ्यांसमोर त्याला लाज वाटते आणि तो परत येत नाही. म्हणून अर्धा. काय विचार केलाय बघ!"

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. चहाने भाजलेला डाग अजून तांबडा होता.

"तुमचा सांडला का?" मी विचारलं.

"माझा कशाला सांडेल?" ते म्हणाले, आणि दिवा मालवून झोपले.

आज वीस वर्षांच्या वर झाली, पण तो अर्धा पेला आठवला की माझं पित्त खवळतं. सबंध मिरजेत एकच जागा अशी होती, की जिथे माझ्या कापणाऱ्या हाताचा आधीच विचार करून ठेवलेला होता. आणि तो पेला, हात कधीच न कापलेल्या माणसाने पिऊन टाकला.

पुढे पुढे हे तिथे रंगायला लागले. सुरुवातीला नाव सांगून गप्प बसायचे. पण तिथे प्रत्येकजण आपली कहाणी सांगतो, मग ह्यांच्याकडे कहाणी कुठून असणार? एका गुरुवारी शेवंताक्का आम्हाला काही सांगत होती, आणि पलीकडून ह्यांचा आवाज कानावर आला.

"मुलीच्या नाचाला मी नऊवारी पातळ पोचवणार होतो. मुलगी विंगेत वाट बघत उभी. आणि मी घरी जमिनीवर पडलेलो. नाच तिच्याशिवाय झाला. घरी आल्यावर तिने ते पातळ घडी घालून कपाटात ठेवलं. मला एक शब्द बोलली नाही."

पलीकडे कोणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या, आणि गफूरभाईंचा भरलेला आवाज, "साहेब, लई धीराचं बोललासा."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! ती घडी मी बघितली होती. मृणालचा तो न बोललेला शब्द रोज रात्री माझ्या छातीवर बसत होता. तो मी कोणापुढे तरी बोलले असते, तर काय माहीत, हलका झाला असता. तो ह्यांनी नेला, वीस माणसांत मांडला, आणि त्यावर रडणं मिळवून आणलं. माझी लाजसुद्धा माझी राहिली नाही.

"हे कशाला सांगितलंत?" त्या रात्री मी विचारलं.

"काहीतरी सांगावं लागतं. पण बघ, किती परिणाम झाला. ते म्हणाले, बोललं की ओझं उतरतं."

"कोणाचं उतरलं?"

ह्यांना प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगलीची बस धरली आणि नेहमीपेक्षा मोठी बाटली आणली.

तीन महिने दारूशिवाय काढले की गट माणसाला पितळी बिल्ला द्यायचा. त्याची एक रीत होती. त्या दिवशी फळ्यांच्या अलीकडच्या बायका पलीकडे जाऊन बसायच्या, आणि बिल्ला माणसाच्या सदऱ्यावर त्याची बायको लावायची. लावायच्या आधी तिने दोन शब्द बोलायचे. घरात कसं होतं, आता कसं आहे, एवढंच. ह्यांचे तीन महिने भरले. आता भरणारच की! ह्यांची चाळीस वर्षं भरलेली होती.

"नको म्हणा," मी सांगितलं.

"कसं म्हणू? संशय येईल," हे म्हणाले. "तू दोनच वाक्यं बोल. आता घरात शांतता आहे, म्हण. खोटं काय त्यात?"

त्या दुपारी मी प्यायले. वेलदोडा चघळला, केसात गजरा माळला, आणि ह्यांच्या मागे स्कूटरवर बसले.

पुरुषांच्या वर्गात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. फळ्यावर मराठीची शब्दार्थांची यादी तशीच होती. पुरुष बाकांवर दाटीवाटीने बसले होते. सरकारी नोकरीतले, हमाल, एक वकील, एक तबलजी. शेवंताक्का आणि बाकीच्या बायका भिंतीला लागून बसल्या. हे पुढे उभे, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. गफूरभाईंनी बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला.

"बोला वहिनी. सायबांनी तीन महिने जिंकल्यात. तुमी बी सोसलंय. दोन शब्द बोला."

बिल्ल्याची टाचणी उघडी होती. मी ह्यांच्या सदऱ्यापर्यंत हात नेला आणि तिथेच थांबवला. मला स्पष्ट दिसलं, की आता मी हा बिल्ला लावला की झालं. हे बरा झालेला माणूस म्हणून घरी जाणार, माझे गुरुवार संपणार, आणि कधीतरी ह्याच वर्गात हे हार घातलेल्या माझ्या फोटोबद्दल दोन शब्द बोलणार. आणि मृणाल भिंतीला लागून बसणार.

"हा बिल्ला ह्यांचा नाही," मी म्हणाले. "ह्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. दारू मी पिते. मी राजमती. मी दारुडी आहे."

आणि काय झालं असेल? टाळ्या? छे. ते सगळे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले.

"वहिनी," तो वकील म्हणाला, "तुमचा राग समजू शकतो. पण माणूस सुधारतोय, त्याला असं पाडून बोलू नका."

"हुतं असं," शेवंताक्का उठून माझ्याकडे यायला लागली. "इतकी वर्सं दाबून ठेवलेलं भाईर येतंय. चल गं, पाणी घे."

"तिला बरं नाही," हे घाईघाईने म्हणाले. "चक्कर येते तिला. चला, आपण..."

तीन महिने मी मूग गिळून बसले होते. आता तोंड उघडलं, तर माझ्याच गोष्टीत माझ्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही! मी शेवंताक्काचा हात झटकला.

"अरे, तुम्ही सगळे जन्माचे पिणारे ना? हंडे रिकामे केलेत ना? मग नाकाला काय झालंय तुमच्या? पहिला सोडला तर दर गुरुवारी पिऊन ह्याच व्हरांड्यातून आत येतेय मी. एकालाही वास येऊ नये? का बाईच्या तोंडाला वास येतच नाही?"

गफूरभाई पुढे आले. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले आणि मान थोडी खाली करून त्यांनी श्वास घेतला. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"वेलदोडा," ते म्हणाले.

"हो. वेलदोडा."

"मी बी वेलदोडाच चघळायचो. बायकू म्हणायची, खिरीचा वास कसला येतोय." ते बाकावर टेकले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्यात बाई कधी आलीच न्हाई ओ."

"आली की. तीन महिने येतेय. तुम्ही शेजारच्या खोलीत बसवलीत."

ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "गफूरभाई, माझं जरा ऐका..."

"ऐकलं की साहेब तीन महिनं," गफूरभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमचा पयला पेला आठवतोय मला. हात जराबी हलला न्हाई तुमचा. मी घरी जाऊन सांगितलं, आज एक मोठा धीराचा माणूस आला हुता. चुकलं माजं. तवाच कळाय पायजे हुतं."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. माझी अब्रू झाकायला ह्या माणसाने स्वतःच्या अंगावर दारुडा हे नाव घेतलं होतं. पण अब्रू झाकून मला जिवंत ठेवता येणार होतं का? मी बिल्ला गफूरभाईंच्या हातात परत दिला.

शेवटी शेवंताक्कानेच पदर खोचला आणि ती ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चला भाऊ. आपली खोली तिकडं."

"मी? बायकांच्यात?"

"ज्याच्या घरातलं माणूस पितंय त्यो तिकडं बसतोय. चला, बाया खात न्हाईत तुमाला."

बायका उठल्या आणि हे त्यांच्या मागून निघाले, मान खाली घालून. दारात थांबून त्यांनी वळून बघितलं.

"राजमती," ते म्हणाले, "झेपेल तेवढंच बोल."

तेव्हासुद्धा सल्ला! पण त्यांचे डोळे भरले होते, आणि मी म्हणाले, "जा आता. मी बघते माझं."

पलीकडे बाक सरकल्याचा आवाज आला. फळ्यांमधून शेवंताक्काचं बोलणं ऐकू आलं, "बसा. आता खरं सांगा. किती घेतीया?" ह्यांचं उत्तर ऐकू आलं नाही. मग कोणीतरी पुरुष हमसून रडल्याचा आवाज आला. लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत तो मी कधी ऐकला नव्हता.

वर्गातल्या पुरुषांनी पुढच्या बाकावर मला जागा करून दिली. वकील उठून उभाच राहिला. तबलजीने खिडकी उघडली. गफूरभाई व्हरांड्यात गेले. पातेल्यातून चहा ओतल्याचा आवाज आला, आणि तो लवकरच थांबला.

त्यांनी पेला माझ्यासमोर धरला. अर्धा.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. सगळे बघत होते, आणि माझे हात चांगलेच कापत होते. चहा हिंदकळत पेल्याच्या काठापर्यंत चढला, आणि परत खाली बसला.